हॉर्नाडीचा लॉक-एन-लोड ओएएल गेज : दोन वर्षांच्या वापरानंतर

रायफलची काडतुसे घरी भरणारा माणूस दारूचे वजन ग्रेनच्या दशांशापर्यंत जपतो. पण पुंगळीत (काडतुसाच्या पितळी नळकांड्यात) गोळी किती खोल बसवायची याचा आकडा मात्र अनेकदा हस्तपुस्तिकेतून जसाच्या तसा उचलतो. मीही तेच करत होतो. कोलोरॅडोत माझ्याकडे ६.५ क्रीडमूरची बोल्ट अ‍ॅक्शन रायफल आहे आणि या काडतुसाची कमाल लांबी २.८२५ इंच ठरलेली आहे. परंतु माझ्या नळीतले आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या वळणदार खाचा) नेमके कुठून सुरू होतात, हे त्या आकड्यावरून कळत नाही. ते कळावे म्हणून हॉर्नाडी कंपनीचा हा ओएएल (म्हणजे काडतुसाची एकूण लांबी) गेज घेतला. (भारतातल्या वाचकांनी हे माहितीपुरते वाचावे, तिथे शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतुसे तयार करता येत नाहीत.)

रचना साधी आहे. गेजच्या लाल नळीच्या टोकाला, बुडाशी स्क्रूचे आटे पाडलेली पुंगळी फिरवून बसवायची, तिच्या तोंडात गोळी सैल ठेवायची, सगळे रायफलीच्या चेंबरमध्ये (काडतूस बसते त्या जागेत) सरकवायचे आणि आतला दांडा पुढे ढकलून गोळी आट्यांना टेकली की स्क्रू आवळायचा. बाहेर काढल्यावर व्हर्नियरने माप घ्यायचे. ही पुंगळी आणि व्हर्नियरच्या जबड्यावर बसणारा कंपॅरेटर हे दोन्ही वेगळे विकत घ्यावे लागतात. कंपॅरेटरशिवाय गेज घेण्यात फारसा अर्थ नाही, कारण गोळीच्या टोकापर्यंतचे माप त्याच डब्यातल्या दोन गोळ्यांतही काही थाऊंनी बदलते. आट्यांना टेकतो तो टोकामागचा फुगीर भाग, आणि कंपॅरेटर बुडापासून त्याच भागापर्यंत मोजतो. (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, भोसरीच्या कारखान्यात शिकलेला हा शब्द इथेही तोंडातून जात नाही.)

पहिल्या दिवशी घेतलेल्या दहा मापांत १४ थाऊंचा फरक आला आणि मी गेजलाच दोष देऊन मोकळा झालो. दोष माझ्या अंगठ्याचा होता. दांडा जोराने ढकलला की गोळी आट्यांत रुतते आणि माप लांब येते. पुंगळीचा खांदा (तोंडाकडचा निमुळता भाग) चेंबरला पुरता टेकलेला नसेल तरीही माप चुकते. आता मी एका हाताने गेज चेंबरमध्ये स्थिर दाबून धरतो, दांड्याला केवळ बोटाच्या टोकाने हलकेच पुढे नेतो आणि टेकल्याची जाणीव होताच थांबतो. या पद्धतीने दहा मापे तीन थाऊंच्या आत येतात. कधीकधी गोळी आट्यांत अडकून राहते. तेव्हा सफाईच्या दांड्याने पुढून हलकेच ठोकून ती काढावी लागते आणि ते माप सोडून द्यावे.

गेजची खरी मर्यादा वेगळीच आहे. विकत मिळणारी पुंगळी माझ्या चेंबरमध्ये उडून त्याच्या मापाला फुगलेली नसते, त्यामुळे बुडापासून खांद्यापर्यंत ती माझ्या उडालेल्या पुंगळीपेक्षा चार थाऊंनी आखूड भरते आणि मिळणारे मापही तितकेच आखूड येते. चूक सुरक्षित बाजूला असली तरी ती चूकच. स्वतःच्या उडालेल्या पुंगळीला बुडाशी स्क्रूचे आटे पाडून घेतले की हा फरक जातो. मात्र त्यासाठी लागणारा पाच-सोळांश इंच, इंचाला ३६ आट्यांचा टॅप (आटे पाडायचे हत्यार) सहसा दुकानात मिळत नाही, तो मागवावा लागतो.

बोल्टमधली (चेंबर मागून बंद करणाऱ्या सरकत्या भागातली) फायरिंग पिन आणि इजेक्टर काढून, गोळी थोडी थोडी खोल बसवत, बोल्टची मूठ आपल्या वजनाने खाली पडते का हे पाहण्याची पद्धत याहून अचूक आहे आणि तिला खर्चही नाही; पण एका मापाला अर्धी संध्याकाळ जाते, तर गेजला पाच मिनिटे लागतात. नळीचा घसा (आटे सुरू होतात तो भाग) झिजत जातो म्हणून माप पुन्हापुन्हा घ्यावे लागते, आणि तिथे ही पाच मिनिटे मोलाची ठरतात. माझ्या रायफलीत सुमारे ६०० बारांनंतर आट्यांची सुरुवात चार थाऊंनी पुढे सरकली, हे मोजण्यासाठी राखून ठेवलेल्या एकाच गोळीमुळे कळले.

आट्यांपासून किती अंतर ठेवल्यावर गट (निशाणावरच्या गोळ्यांच्या छिद्रांचा पसारा) लहान होईल, हे मात्र कोणताही गेज सांगत नाही. १४० ग्रेनच्या ईएलडी मॅच गोळीने माझ्याकडे २० थाऊंच्या अंतराला कधी बरा, कधी वाईट गट दिला आणि ४५ थाऊंना ती स्थिरावली. हे मैदानावर गोळ्या झाडूनच समजले. गोळी आट्यांना टेकवली की दाब वाढतो, आणि फार खोल ढकलली की पुंगळीतली जागा कमी होऊनही दाब वाढतो. म्हणून खोली बदलताना दारू पुस्तिकेतल्या सुरुवातीच्या वजनावर आणावी. आणखी एक अडचण अशी की आट्यांजवळ पोचणारे काडतूस मॅगझिनमध्ये मावेलच असे नाही.

बोल्ट अ‍ॅक्शनवाल्याने हा सरळ गेज घ्यावा. सेमी-ऑटो आणि लिव्हर रायफलींसाठी वाकडा प्रकार निघतो. गेल्या महिन्यात एका मित्राने, त्याचीही रायफल त्याच मॉडेलची असल्यामुळे, माझे माप मागितले. मी गेज आणि कंपॅरेटर दोन्ही त्याला नेऊन दिले. त्याचे माप माझ्यापेक्षा ११ थाऊंनी आखूड निघाले.