एनफिल्ड रायफल म्हणून नळाचा पाईप घेतला

आमच्या आजोबांकडे पीकसंरक्षणाच्या लायसन्सवरची भरमार, म्हणजे तोंडातून दारू ठासायची बंदूक होती. कपाशीत, तुरीत रानडुकरं घुसली की रात्री एक बार काढायचे, बस्स. ते गेले आणि बंदूक ठाण्यात जमा झाली, ती तिथंच राहिली.

मी सुतार. पांढरकवड्याकडे दारं, दिवाण, देव्हारे करतो. गेल्या उन्हाळ्यात कामं थंडावली आणि मोबाईलवर अमेरिकेतले म्हातारे घरच्या शेडमध्ये ठासणीची रायफल बनवतात ते बघायचा नाद लागला. मेपलच्या लाकडातून दस्ता असा कोरतात की पटाशी धरणाऱ्याचा हात शिवशिवतो. तिकडच्या केंद्राच्या कायद्यात जुन्या धाटणीच्या ठासणीच्या रायफलीला मोठी सूट आहे. तेवढं मी बरोबर लक्षात ठेवलं आणि आपण यवतमाळ जिल्ह्यात राहतो हे विसरलो.

एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर माणूस भेटला. 'एनफिल्ड 1853, ओरिजनल नळी आणि घोडा, दस्ता अक्रोडाचा पण तडकलेला, नवीन बसवून घ्या. अँटीक आहे, लायसन्सची गरज नाही.' सोबत गोल शिक्क्याचा कागद. मी विचारलं, रायफल आहे तर नळीत गोळीला फिरकी देणारे आटे का दिसत नाहीत? तो म्हणाला, 1857 च्या उठावानंतर इंग्रजांनी देशी शिपायांना मुद्दाम गुळगुळीत नळीच्या बंदुका दिल्या, ही त्यातली. मी शोधलं तर गोष्ट खरी निघाली. तिथंच मी गेलो. एक गोष्ट खरी निघाली म्हणून बाकीच्या चार मी तपासल्याच नाहीत. आधी 15,000 पाठवले, मग 'वाहतूक परवान्याचे' म्हणून 18,000.

पार्सल आलं. घोड्यामागं मुकुट होता, पण त्याखालची राणी व्हिक्टोरियाची व्ही आणि आर ही अक्षरं वरखाली, एका ओळीत नाहीत. नळीत मोबाईलचा टॉर्च मारला तर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ उंचवटा. वेल्डिंगचा सांधा! बोअरवेलवर लावतो तसला जीआय पाईप, वरून गंज चढवलेला. यात दारू ठासून कोणी बार काढला असता तर नळी मागच्या टोकाला, बार काढणाऱ्याच्या तोंडापाशीच फाटली असती. आणि दस्ता? बुडाशी पटाशीनं जरा खरवडलं तर पॉलिशखाली पांढुरकं आंब्याचं लाकूड. वीस वर्षं लाकडात हात घालून आंबा ओळखता आला नाही, याची लाज पैशांपेक्षा जास्त वाटली.

मी चिडून पाईपचा, दस्त्याचा फोटो त्याला पाठवला. त्यानं ब्लॉक केलं.

नऊ दिवस गप्प बसलो. तक्रार करायची म्हणजे आधी मी बंदूक विकत घेत होतो हे सांगायचं. शेवटी ओळखीच्या वकिलांना घेऊन ठाण्यात गेलो. हवालदारांनी नळीवर टिचकी मारली. "काहून भाऊ, हा त नळाचा पाईप होय ना! अस्सल असती त तुले आतच बसवलं असतं."

वकिलांनी बाहेर चहा पिताना समजावलं. शस्त्र कायद्यात सूट आहे ती दुरुस्ती करूनही उडणार नाही अशा जुन्या हत्याराला. उडू शकत असेल तर ठासणीची असो की कसलीही, लायसन्स लागतं. विनापरवाना बनवली तर 2019 च्या दुरुस्तीनंतर सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. आणि वस्तू खरंच शंभर वर्षांपूर्वीची पुरावस्तू असेल तर ती विकायचा धंदा करायलाही परवाना लागतो. म्हणजे माल खरा असो की खोटा, त्याचा तो शिक्क्याचा कागद दोन्हीकडून खोटाच. हे मी 33,000 पाठवण्याआधी त्याच चहाच्या टपरीवर विचारू शकलो असतो.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन केला तेव्हा त्यांनी पहिलं विचारलं, पैसे कधी गेले. तारीख सांगितल्यावर पलीकडे जरा शांतता. त्या खात्यात काही उरलं नव्हतं. पहिल्याच दिवशी फोन करायला हवा होता.

परवा साळ्याचा फोन आला. "भाऊजी, एक जुनी एनफिल्ड भेटून रायली, लायसन्स नाही लागत म्हणते, तुमाले नाद आहे म्हणून पाठवतो." नंबर नवीन होता, फोटो मात्र मी पाठवलेलाच. दस्त्याच्या मागं माझा रंधा दिसतो, आणि गुण्यावर ठेवलेला माझा चहाचा कप.