मुळशीच्या चिखलात चेनला कोणतं तेल? एका पावसाळ्याच्या वापरानंतर

आधी निकाल सांगतो, कारणं मागून. सह्याद्रीच्या पावसात चिखलातून माउंटन बाइक चालवायची असेल तर बाटलीवर ‘वेट’ लिहिलेलं घट्ट, चिकट तेल घ्या. जून ते सप्टेंबर दुसरं काही नको. या पावसाळ्यात मी ड्राय ल्यूब (ल्यूब म्हणजे चेनचं तेल), थेंबाने लावायचं मेण, मोटरसायकलचा चेन स्प्रे आणि गिअर ऑइल असं सगळं एकाच सायकलवर वापरून पाहिलं आणि फिनिश लाइनच्या हिरव्या टोपणाच्या वेट ल्यूबवर येऊन थांबलो. कंपनीला फार महत्त्व देऊ नका, त्या जातीचं कुठलंही चांगलं तेल चालेल. जात मात्र चुकवू नका.

सायकल साधी आहे: 29 इंची चाकांची हार्डटेल (म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेली), पुढे एकच चेनव्हील, मागे दहा गिअर, डिस्क ब्रेक. नेहमीचा मार्ग चांदणी चौकातून पिरंगुट, पौड, कोळवण आणि तिकोना पेठेवरून पवना धरणाकडे. डांबर सोडून जिथे जिथे बैलगाडीची वाट मिळेल तिथे मी आत वळतो. आठवड्यात वेळ नसला की पुण्यातलीच वेताळ टेकडी.

तेलाआधी चिखलाबद्दल बोललं पाहिजे, कारण सगळा चिखल एक नसतो. आषाढात भातखाचरांची चिखलणी सुरू झाली की कोळवणच्या बाजूला ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर आलेला काळा, लोण्यासारखा मऊ चिखल भेटतो. तो टायरला थापला जातो, मागच्या फोर्कमध्ये गच्च बसतो, चाक फिरू देत नाही. दिसायला भयंकर, पण चेनला तेवढा घातक नाही. खरा घात मुरमाच्या पाण्याने होतो. टेकडीवरच्या उतारावर मुरूम धुऊन आलेलं ते पातळ, तांबूस-करडं पाणी पुढच्या चाकावरून थेट चेनव्हीलवर उडतं. दोन बोटांत चोळून पाहा, बारीक कच लागते. ती कच पाण्याबरोबर कडीच्या आत शिरते आणि झीज तिथे सुरू होते. पाचगणीच्या लाल मातीवरही असाच खरखरीत अनुभव येतो.

ही झीज नेमकी कुठे होते ते समजलं की तेल निवडणं सोपं जातं. चेन ‘ताणली’ असं आपण म्हणतो, पण पट्ट्या लांबत नाहीत. प्रत्येक कडीत एक पिन असते, तिच्यावर आतल्या पट्टीची गोल कड फिरते, त्या कडेवर रोलर. पिन आणि ती कड एकमेकांवर घासून झिजतात, प्रत्येक सांध्यात केसभर जागा होते आणि शंभरावर सांध्यांची ती जागा मिळून चेन लांब होते. म्हणजे तेल हवं ते पिनेपाशी, आत. बाहेरच्या पट्टीवर चकाकणारं तेल धूळ धरण्यापलीकडे काही करत नाही.

आता एकेक.

ड्राय ल्यूब म्हणजे उडून जाणाऱ्या पातळ द्रावणात मिसळलेलं मेण किंवा तसलं काही. द्रावण उडतं, मागे कोरडा थर राहतो. मार्च-एप्रिलच्या धुळीत हे फार छान चालतं. पावसात मात्र पिरंगुटचा चढ संपेपर्यंत चेन बोलायला लागते. आधी बारीक किरकिर, मग दाबून पेडल मारलं की करकर. पौडच्या पुढे आपण कोरड्या लोखंडावर चालवत असतो. यात तेलाचा दोष नाही, ते या कामासाठी बनलेलंच नाही.

थेंबाने लावायच्या मेणाबद्दल मला सर्वांत जास्त आशा होती. हे पाण्यात मिसळलेलं मेण असतं. लावायचं, पाणी सुकू द्यायचं, मग आत मऊ मेण राहतं आणि त्याला माती चिकटत नाही. उन्हाळ्यात या मेणावर चालवलेली चेन हात लावला तरी हात काळा करत नाही. अडचण आपल्या हवेची आहे. जुलैत दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तिथे कडीच्या आतलं पाणी रात्रभरात कसं सुकेल? पंख्याखाली ठेवून पाहिलं, थोडा फरक पडतो. पण सकाळी लवकर निघायचं असेल आणि मेण अर्धवट ओलं असेल, तर पहिल्याच ओढ्यात ते दुधासारखं वाहून जातं. शिवाय मेण गंजापासून फारसं वाचवत नाही. रविवारी भिजून आलेली चेन तशीच ठेवली तर सोमवारी सकाळी रोलरवर नारिंगी डाग हमखास. वितळलेल्या पॅराफिनमध्ये चेन बुडवून वापरणाऱ्यांचंही पावसाळ्यात हेच रडगाणं असतं: मेण उत्तम, पण प्रत्येक ओल्या फेरीनंतर चेन काढा, सुकवा, पुन्हा बुडवा. स्पर्धेच्या दिवशी एवढा खटाटोप परवडेल. आठवड्यातून तीनदा चिखलात जाणाऱ्या माणसाला नाही.

मोटरसायकलच्या चेन स्प्रेबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण घरी बाइकसाठी आणलेला डबा असतोच आणि हात तिकडे जातो. बऱ्याच मोटरसायकलींच्या चेनमध्ये प्रत्येक सांध्याला रबरी रिंग असते आणि पिनेचं ग्रीस कारखान्यातच आत कोंडलेलं असतं. स्प्रेचं काम रिंग मऊ ठेवणं, रोलर आणि बाहेरची बाजू सांभाळणं एवढंच. सायकलच्या चेनला अशी रिंग नसते, तिला आत झिरपणारं तेल लागतं. स्प्रेचा चिकट थर बाहेरच बसतो, मुरमाची पूड धरून ठेवतो आणि पिन कोरडीच राहते. दुसरं, फवारा नेमका कुठे उडेल सांगता येत नाही. मागच्या डिस्कवर एक फवारा गेला की ब्रेक पॅड तेल पितात, मग ब्रेक किंचाळतो आणि लागतही नाही. घाटाच्या उतारावर ही गंमत नाही. डिस्क ब्रेकच्या सायकलवर कुठलाही स्प्रे चेनला मारू नये, हे मी ठामपणे सांगतो.

नव्वद नंबरचं गिअर ऑइल बरेच सायकलवाले काका अजून लावतात, आणि ते अगदीच टाकाऊ नाही. पाण्याने सहज धुतलं जात नाही, स्वस्त आहे, कुठल्याही गॅरेजमध्ये मिळतं. तामिणीच्या पायथ्याशी बाटली संपली तर मी बिनधास्त लावीन. पण ते आत शिरायला वेळ घेतं, वास घरभर राहतो आणि दोन तासांत डिरेलरच्या, म्हणजे मागचे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेच्या, छोट्या चाकांवर काळी पेंड बसते. शिलाई मशीनचं तेल उलट टोकाचं: झटकन आत जातं आणि तितक्याच झटकन धुऊन निघतं. इंजिनातून काढलेलं काळं ऑइल कुणी कितीही सुचवलं तरी नको, त्यात धातूची भुकटी आधीपासूनच असते.

आणि वेट ल्यूब. पहिला फरक कानाला कळतो. कोळवणला पोचेपर्यंत तीन ठिकाणी ओढ्याचं पाणी चेनव्हीलपर्यंत आलेलं असतं, वरून पाऊस चालू असतो, तरी चेन गप्प असते. परतीच्या चढावर मोठ्या दात्यावर गिअर टाकला की तो खटकन बसतो. चिखलात कोरड्या चेनचा आणखी एक त्रास असतो: ती चेनव्हीलच्या खालच्या दातांना धरून राहते, सुटत नाही, वर ओढली जाऊन फ्रेममध्ये अडकते. वेट ल्यूब लागल्यापासून हे मला झालेलं नाही. रात्रभर ओली राहिली तरी चेन गंजत नाही, हा फायदा पावसाळ्यात सोन्याचा आहे.

त्याची किंमतही मोजावी लागते. हे तेल माती धरतं, यात वाद नाही. फेरीनंतर चेन काळीकुट्ट असते आणि पुसली नाही तर तेल आणि मुरमाची पूड मिळून गॅरेजमध्ये व्हॉल्व्ह बसवायला लावतात तसली ग्राइंडिंग पेस्ट तयार होते. पुढच्या फेरीत तीच पेस्ट पिनेवर फिरते. म्हणून जो पुसणार नाही त्याला मी वेट ल्यूब सुचवत नाही. त्याने स्वस्त चेन घ्यावी आणि दर पावसाळ्याला बदलावी.

लावण्याची पद्धत तेलाइतकीच महत्त्वाची आहे. आदल्या रात्री लावा, निघताना दारात नाही. चेनच्या खालच्या पदराच्या आतल्या बाजूने, प्रत्येक रोलरवर एकच थेंब. कड्या शंभरावर असतात, त्यामुळे पाच मिनिटं लागतात, तेवढी द्या. कुठून सुरू केलं ते कळायला क्विक लिंकपासून, म्हणजे चेन उघडायच्या जोडकडीपासून, सुरुवात करा. मग पेडल उलटं फिरवा, सगळ्या गिअरवर एकदा चेन नेऊन आणा आणि तसंच सोडून द्या. सकाळी सुती फडक्याने बाहेरचं सगळं तेल पुसून काढा, अगदी कोरडं वाटेपर्यंत. जुनी बनियन यासाठी सर्वांत चांगली. पुसलेल्या चेनला माती निम्म्याने कमी चिकटते, असं माझ्या डोळ्यांना दिसतं. नव्या चेनवर कारखान्याचं ग्रीस असतं, ते पावसाळ्यात मी धुऊन काढत नाही. बाहेरचं पुसतो आणि पहिल्या काही फेऱ्या त्यावरच करतो.

आल्यावर लगेच, आंघोळीच्या आधी, बादली आणि मग्ग्याने पाणी ओततो, भांड्याच्या साबणाने कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच) आणि डिरेलरची छोटी चाकं ब्रशने घासतो. वॉशिंग सेंटरचा प्रेशरचा पाइप मात्र कटाक्षाने टाळा. तो हबच्या आणि पेडलच्या धुरीच्या बेअरिंगमध्ये पाणी घुसवतो, मग खर्च चेनपेक्षा मोठा निघतो. धुतल्यावर चेन फडक्यातून ओढायची. डब्ल्यूडी-40 इथे उपयोगी पडतं, पण पाणी हाकलण्यापुरतं. मूळ हेतूही तोच होता, नावातलं डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, आणि ते 1953 चं सूत्र आहे. फवारायचं नाही, फडक्यावर घेऊन चेन त्यातून फिरवायची. त्याने आतलं तेलही पातळ होतं, म्हणून सुकल्यावर वेट ल्यूब पुन्हा द्यावंच लागतं.

महिन्यातून एकदा क्विक लिंक काढून चेन डिझेलच्या बाटलीत घालून हलवतो. ते डिझेल मोरीत ओतू नका. बाटली दोन दिवस उभी ठेवा, गाळ तळाशी बसतो, वरचं पुन्हा वापरता येतं. मुळा आणि मुठेत आधीच पुरेसं काही जातंय.

तेल काम करतंय की नाही हे मापून कळतं, त्यासाठी महागडं साधन लागत नाही. एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या पिनेच्या मध्यापर्यंत अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिलिमीटर. अशी 24 अंतरं, म्हणजे पहिल्या पिनेपासून पंचविसाव्या पिनेपर्यंत, मोजली की नव्या चेनला बरोबर 304.8 मिलिमीटर भरायला हवं. चेन ताणून धरून स्टीलच्या पट्टीने मोजा. दहा गिअरपर्यंतच्या सायकलला 0.75 टक्के झीज ही हद्द मानतात, म्हणजे 307 च्या थोडं वर; अकरा-बारा गिअरला 0.5 टक्के, म्हणजे 306.3. त्यापुढे चालवलं तर लांबलेली चेन कॅसेटचे दात स्वतःच्या मापाचे करून घेते आणि मग नवी चेन त्यावर घसरते. कॅसेटची किंमत चेनच्या कितीतरी पट असते, हा सगळा उपद्व्याप तिच्यासाठीच आहे. माझी चेन जूनमध्ये नवी होती. सप्टेंबरअखेरीस पट्टी लावली तेव्हा ती 306 च्या आत होती. आधीचे बरेचसे पावसाळे एवढ्याच चालवण्यात चेन खाऊन गेले आहेत.

ज्यांना आकड्यांची आवड आहे त्यांनी ऑस्ट्रेलियातल्या झिरो फ्रिक्शन सायकलिंगच्या चाचण्या पाहाव्यात. तिथे चेन यंत्रावर चालवून, मुद्दाम कोरडी आणि मग ओली घाण टाकून झीज मोजतात. ओल्या घाणीच्या टप्प्यात कोण किती घसरतं तेवढंच आपल्या कामाचं.

दसऱ्यानंतर वाटा सुकल्या की मी मेणावर परत जाणार. त्याआधी चेन टर्पेंटाइनमध्ये दोनदा धुवावी लागेल, कारण आत चिकट तेलाचा अंश राहिला तर मेण धातूला धरत नाही. तोपर्यंत कॅमलबॅगच्या (पाठीवरच्या पाण्याच्या पिशवीच्या) कप्प्यात वेट ल्यूबची छोटी बाटली आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेलं कोरडं फडकं ठेवा. बाटलीचं टोपण घट्ट लावा आणि ती उभी राहील अशी बघा.