पुठ्ठ्याचं खोकं, वेबकॅम की तयार चिप? घरचा स्पेक्ट्रोमीटर बनवण्याआधी

लालबागच्या एका चाळीत तळमजल्याला मंडळाचं सामान ठेवायची खोली आहे. ढोल, मखराचे सांगाडे, गुंडाळलेले कनातीचे कपडे आणि कोपऱ्यात आमचं टेबल. गणपतीचे दिवस सोडले तर दर शनिवारी संध्याकाळी आम्ही सात-आठ जण तिथे प्रकाशाचे रंग फोडून मोजत बसतो; त्यासाठीच्या यंत्राला स्पेक्ट्रोमीटर म्हणतात. नवा माणूस आला की चहा यायच्या आत विचारतो, "सगळ्यात चांगला स्पेक्ट्रोमीटर कुठला? तोच बनवतो." आम्ही उलट विचारतो, तुला बघायचं काय आहे? दहातले आठ जण म्हणतात, दुधातली नाहीतर हळदीतली भेसळ. त्यावर शेवटी येतो.

टेबलावर चार प्रकार आहेत. प्रत्येकाची आम्ही तीच तीन कामं करून बघितली: खोलीतल्या ट्यूबलाइटच्या प्रकाशातल्या ठळक रंगीत रेषा दाखव, पोटॅशियम परमँगनेटच्या जांभळ्या पाण्यातून कुठला रंग किती पार जातो त्याचा आलेख काढ, आणि महिन्याभराने हेच पुन्हा करून तोच आकडा दे. पहिल्या दोन परीक्षांत जे हुशार ठरले त्यांतले काही तिसरीत साफ झोपले, म्हणून हे लिहायला घेतलं.

सगळ्यात स्वस्त म्हणजे काळ्या पुठ्ठ्याची घडी, त्यात दाढीच्या ब्लेडची फट आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर डीव्हीडीचा तुकडा. खर्च जवळपास शून्य, काम एका संध्याकाळचं. डीव्हीडी म्हणजे दोन पातळ चकत्या चिकटवलेल्या असतात. कडेला ब्लेड घालून हलकेच फिरवलं की टक् असा आवाज होतो आणि ती पुस्तकासारखी उघडते. चकचकीत थर चिकटपट्टीने उचलायचा. रेकॉर्ड करायची डीव्हीडी असेल तर जांभळट रंग उरतो, तो स्पिरिटने जातो. बोटं लावू नका, ठसा कायमचा राहतो. तुकडा बाहेरच्या कडेचा घ्या, तिथे खाचा जास्त सरळ असतात.

सीडी चालेल का? चालेल, पण सीडीवर दोन खाचांत १.६ मायक्रॉनचं अंतर, म्हणजे मिलिमीटरला ६२५ रेषा. डीव्हीडीवर ०.७४ मायक्रॉन, साधारण १३५०. रेषा दाट असल्या की रंग जास्त फाकतात. मग ब्लू-रे आणखी चांगली, असं वाटतं ना? आम्हालाही वाटलं होतं. तिथे अंतर ०.३२ मायक्रॉन, दिसणाऱ्या प्रकाशाच्या लहरीच्या लांबीपेक्षाही कमी. सरळ प्रकाश टाकला तर वर्णपट, म्हणजे फाकलेल्या रंगांचा पट्टा, मिळतच नाही.

या घडीतून ट्यूब बघितली की पोरं ओरडतात, इतक्या स्वच्छ रेषा दिसतात. शाळेसाठी याहून चांगलं काही नाही, मी पैजेवर सांगतो. मोजमापाला मात्र हे बाद. कारण पुठ्ठा नव्हे, मोबाइल. तुम्ही बाटली समोर धरता, प्रकाश कमी होतो आणि कॅमेरा आपणहून उजेड वाढवून 'मदत' करतो. मॅन्युअल मोडमध्ये एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स बांधून ठेवता आले तर थोडं निभतं. तरी प्रत्येकाचा फोन वेगळा, त्यामुळे दादरचा आलेख आणि डोंबिवलीचा आलेख शेजारी ठेवायची सोय नाही.

दुसरा प्रकार वेबकॅमचा. आमच्यातल्या बहुतेकांकडे हाच आहे आणि भांडणंही याच्यावरूनच होतात. लॅमिंग्टन रोडवर साधा यूएसबी वेबकॅम घ्या, महागडा नको. महागड्यात ऑटोफोकस असतो आणि तोच नडतो. साध्याला हाताने फिरवायचं भिंग असतं, फोकस झाला की गोंदाचा थेंब टाकून ते गप्प करायचं. डीव्हीडीच्या तुकड्याऐवजी यात ग्रेटिंग फिल्म, म्हणजे बारीक समांतर रेषांची पारदर्शक पट्टी लावतात; ती मिलिमीटरला ५०० किंवा १००० रेषांची मिळते. आमचं मत १००० च्या बाजूने. हिरवा प्रकाश तिच्यातून साधारण ३३ अंशांत वळतो, डीव्हीडीत तोच ४७ च्या पुढे जातो आणि कॅमेरा फार तिरका बसवावा लागतो. शिवाय फिल्मच्या रेषा सरळ असतात. घेताना एक बघा: फिल्ममधून दुकानातल्या बल्बकडे पाहा. रंग फक्त डावी-उजवीकडे फाकले तर घ्या. वर-खाली पण फाकले तर ती शोभेची, दोन दिशांची फिल्म. मला एका दुकानदाराने "सायन्सवालीच आहे" म्हणून तीच दिली होती, आणि ती परत घेईना. अजून आमच्या दाराला चिकटवलेली आहे, संध्याकाळी छान दिसते.

फटीकडे लोक दुर्लक्ष करतात. ग्रेटिंग, कॅमेरा, सॉफ्टवेअर यांच्यावर तासभर बोलतील आणि फट कात्रीने कापतील! ब्लेडचे दोन तुकडे समोरासमोर ठेवा, मध्ये झेरॉक्सचा एक कागद उभा धरा, धारा त्याला टेकवा, चिकटवा आणि कागद ओढून काढा. साधारण ०.१ मिलिमीटरची फट तयार. फट आणि ग्रेटिंगच्या रेषा समांतर हव्यात, थोड्या तिरक्या झाल्या तरी शिखरं पसरट होतात.

मग मापन जुळवणं. प्रकाशाच्या लहरीची लांबी नॅनोमीटरमध्ये मोजतात, हजार नॅनोमीटर म्हणजे एक मायक्रॉन. ट्यूबलाइटमध्ये पाऱ्याची निळी रेषा ४३५.८ नॅनोमीटरला आणि हिरवी ५४६.१ ला असते. या दोन खुणा कुठल्या पिक्सेलवर पडल्या ते सॉफ्टवेअरला सांगितलं की बाकीची पट्टी आखली जाते. गोम एकच: हिरव्या रेषेला खेटून दिव्याच्या आतल्या लेपातल्या टर्बियम या धातूचं शिखर ५४२ च्या आसपास असतं. यंत्र ढोबळ असेल तर दोन्ही मिळून एकच जाड डोंगर दिसतो आणि तुम्ही त्याच्या मधोमध बोट ठेवून दोन नॅनोमीटर घालवता. डोंगराला दोन टोकं दिसली तर आपलं खोकं ठीक जमलं म्हणायचं. एलईडीवर हे काम होत नाही, त्यात अशा रेषाच नसतात. जुना सीएफएल घरात असेल तर फेकू नका.

दोन नॅनोमीटरने काय बिघडतं? विजयदुर्गला गेलात तर 'साहेबाचे कट्टे' दाखवून हेलियम इथेच सापडला असं सांगतात. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण तिथून गेलं हे खरं, पण फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेननी ते गुंटूरहून पाहिलं आणि इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयरना सूर्याच्या प्रकाशात हेलियमची ती पिवळी रेषा त्याच ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये बसून दिसली. कट्ट्यांचा वाद तुम्ही घाला, मला त्या रेषेचं वेड आहे. हेलियमची रेषा ५८७.६ ला, सोडियमच्या ५८९.० आणि ५८९.६ ला. गॅसच्या ज्योतीत मिठाचं पाणी शिंपडून जो पिवळा दिसतो, त्याच्यापासून हेलियम जेमतेम दीड नॅनोमीटरवर. लॉकयरना दिसलेली रेषा आपली नेहमीची सोडियमची नव्हे, हे ओळखण्यावरच सगळं अवलंबून होतं.

आता आमची फजिती. पहिलं खोकं पुठ्ठ्याचं होतं. मे महिन्यात ते नीट जुळवलं. जुलैत, चार दिवस पाऊस थांबेना तेव्हा, पुन्हा ट्यूब दाखवली तर हिरवी रेषा १२ पिक्सेल सरकलेली. आमच्या खोक्यात एक पिक्सेल म्हणजे अर्धा नॅनोमीटर, म्हणजे सहा नॅनोमीटरची चूक, सोडियम-हेलियमच्या अंतराच्या चौपट! मुंबईच्या हवेने पुठ्ठा फुगला होता, बस्स. तेव्हापासून खोकं प्लायचं, आतून काळा मॅट रंग, कॅमेरा चार स्क्रूंनी आवळलेला आणि प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला ट्यूब. त्यानंतर हे यंत्र तिसऱ्या परीक्षेत पास झालं.

परमँगनेटमध्येही वेबकॅम उजवा. ५२५ आणि ५४५ च्या आसपासचे दोन खळगे वेगळे दिसतात. द्रावण ताजं आणि फिकट गुलाबी हवं, गडद केलं तर एकच विहीर दिसते. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा: वेबकॅमला लाल-हिरवे-निळे फिल्टर असल्यामुळे, ते जिथे एकमेकांना जागा देतात तिथे आलेखात खोटे खड्डे येतात. म्हणून दिव्याचा खरा आकार विचारू नका. द्रावणाच्या आलेखाला साध्या पाण्याच्या आलेखाने भागून जे येतं तेवढंच विश्वासाचं.

तिसरा प्रकार म्हणजे तयार सेन्सरची पट्टी. एएस७३४१ नावाच्या चिपमध्ये दिसणाऱ्या प्रकाशाचे आठ पट्टे, एएस७२६५एक्स मध्ये ४१० ते ९४० नॅनोमीटरपर्यंत अठरा, प्रत्येक सुमारे २० नॅनोमीटर रुंद. ग्रेटिंग नाही, फट नाही, जुळवणं नाही. चार वायर जोडा, आकडे येतात. ट्यूबच्या रेषा यात दिसत नाहीत, परमँगनेटचे दोन खळगे एकच होतात. अठरा ठिपके जोडून काढलेल्या रेषेला वर्णपट म्हणायला माझी जीभ धजत नाही. पण महिन्याभराने तोच आकडा? तोच. जुलै असो वा डिसेंबर. आणि तिघांच्या तीन पट्ट्यांचे आकडेही एकमेकांच्या जवळ. मला हे आवडलं नाही, पण मान्य करावं लागलं. बाल्कनीतल्या रोपांवर वर्षभर नजर ठेवायची किंवा दोन शाळांनी एकाच तळ्याचा रंग मोजायचा, तर हाच घ्या. प्रकाश कसा फुटतो ते मात्र यातून कोणी शिकणार नाही.

चौथा, इंजिनिअरिंगच्या पोरांसाठी: टीसीडी१३०४ नावाची रेषीय सीसीडी, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, एका ओळीत ३६४८ पिक्सेल, प्रत्येक ८ मायक्रॉनचा. रंगीत फिल्टर नाहीत, आपणहून 'मदत' करणारं काही नाही. आलेख देखणा येतो. पण तिला घड्याळाचे ठोके मायक्रोकंट्रोलरने द्यावे लागतात आणि फट, भिंग, ग्रेटिंग हे सगळं पुन्हा तुमच्याच माथी. आमचं चार महिन्यांनी चाललं, आणि ते बनवणारा मुलगा पुण्याला नोकरीला गेल्यावर आता कोणालाच नीट चालवता येत नाही. हामामात्सू या जपानी कंपनीची सी१२८८०एमए ही अंगठ्याएवढी तयार डबी त्या मानाने सोपी, ३४० ते ८५० नॅनोमीटर. पण किंमत पाच आकडी आणि बारकावा आमच्या प्लायच्या खोक्यापेक्षा कमी. एका मित्राच्या हातून फरशीवर पडता पडता वाचली, तेव्हापासून मी हात लावत नाही.

आता दूध आणि हळद. दूध नाही, चारांतल्या एकानेही नाही. दूध पांढरं दिसतं ते प्रकाश विखुरतं म्हणून, आणि आपली यंत्रं तो विखुरलेला गोंधळच मोजतात. हळदीतला पिवळा कुरकुमिन निळ्या भागात ४२५ च्या आसपास प्रकाश खातो, भेसळीचा मेटॅनिल यलो हा रंगही त्याच भागात. एकावर एक बसलेले रुंद डोंगर वेगळे करणं घरच्या यंत्राचं काम नाही. पालकाची पानं स्पिरिटमध्ये चुरून हरितद्रव्याचं शिखर ६६५ च्या जवळ बघणं मात्र वेबकॅमवर झकास होतं. आणि पाण्यातला फॉस्फेट मोजायचा असेल तर स्पेक्ट्रोमीटर बनवूच नका. त्या रासायनिक चाचणीचा निळा रंग ८८० नॅनोमीटरला मोजतात. त्या लहरीचा एक एलईडी, एक प्रकाश सेन्सर आणि काळी नळी, इतकं पुरतं.

हे सगळं एकट्याने करायचं की गटात, हा खरं तर आधीचा प्रश्न. २०१० च्या एप्रिलमध्ये मेक्सिकोच्या आखातात तेल सांडलं, त्यातून पब्लिक लॅब हा लोकांचा गट उभा राहिला आणि त्यांनी डीव्हीडीच्या तुकड्याचा स्पेक्ट्रोमीटर जगभर पोचवला. त्याच वर्षी ७ ऑगस्टला मुंबई बंदराबाहेर 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' धडकल्या आणि तेल अलिबाग-उरणच्या किनाऱ्याला लागलं. किनाऱ्यावर दहा जणांकडे दहा तऱ्हेची खोकी असती, तर एकाचा आलेख दुसऱ्याला कळला नसता.

म्हणून आमच्याकडे एक पाकीट फिरतं. नाटकाच्या लाइटवाल्यांकडून आणलेला हिरव्या जिलेटिनचा, म्हणजे दिव्यापुढे लावायच्या रंगीत पारदर्शक कागदाचा तुकडा, बोटभर लांब. द्रावण शिळं होतं, सांडतं, लोकलच्या गर्दीत बाटली फुटते. जिलेटिन तसंच राहतं. ज्याच्या हाती येईल त्याने ट्यूब दाखवायची, मग जिलेटिन लावून आणि न लावता आलेख घ्यायचा. कागदावर तारीख, दिवा, फटीची रुंदी, एक्स्पोजर लिहायचं आणि पाकीट पुढे द्यायचं. पहिल्या फेरीत सहा खोक्यांची उत्तरं ११ नॅनोमीटरमध्ये विखुरली होती, तिसऱ्या फेरीत ३ मध्ये आली. मधल्या काळात कोणी नवा कॅमेरा घेतला नाही. दोघांनी फट बदलली, एकाने स्क्रू आवळले, आणि एक जण टर्बियमच्या शिखरावर बोट ठेवत होता ते कळलं.

तर विचारणाऱ्याला सध्या आम्ही असं सांगतो: पहिल्या शनिवारी पुठ्ठ्याची घडी कर, घरी ने, पोरांना दाखव. तरी हौस उरली तर आमच्याच मापाचं प्लायचं खोकं कर, स्वतःची सुधारणा तिसऱ्या महिन्यापर्यंत खिशात ठेव. पाकीट या आठवड्यात भांडुपला आहे. परमँगनेट घरी कालवणार असाल तर मोरीत कालवा, ओट्यावरचा तपकिरी डाग माझ्याकडे अजून आहे.