फोटोरेक आणि विंडोज फाइल रिकव्हरी: काही महिन्यांच्या वापरानंतर

नाशिकच्या सीबीएसजवळची कोर्टाची टायपिंग आणि डीटीपीची दुकानं, लग्नाचे फोटोग्राफर आणि अंबड-सातपूरची सीएनसी (कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशीनची) वर्कशॉप. या तीन ठिकाणी चुकून डिलीट झालेल्या फायली परत काढायला ही दोन फुकटची सॉफ्टवेअर गेले काही महिने वापरात आहेत. दोन्ही ठेवण्याजोगी आहेत. पण फाइल मिळणार की नाही हे सॉफ्टवेअरपेक्षा ती कशावर होती आणि डिलीट झाल्यावर मशीन किती चालवलं, यावर जास्त ठरतं.

दोन्हींना हात लावण्याआधी फुकटात सुटतंय का ते बघा. रिसायकल बिन सगळेच बघतात, पण पेन ड्राइव्हवरून डिलीट केलेलं तिथे जातच नाही, आणि शिफ्ट-डिलीटही जात नाही. वर्डमध्ये फाइल, इन्फो, मॅनेज डॉक्युमेंट या वाटेने सेव्ह न केलेल्या फायली दिसतात. कोरल ड्रॉची ‘बॅकअप ऑफ’ या नावाने सुरू होणारी प्रत बहुतेक वेळा त्याच फोल्डरमध्ये पडलेली असते. लग्नपत्रिकेचं अर्धं काम तिच्यातून वाचतं. गूगल ड्राइव्हचं ट्रॅश 30 दिवस राहतं.

विंडोज फाइल रिकव्हरी मायक्रोसॉफ्टचीच. विंडोज 10 च्या 2004 आवृत्तीपासून पुढे चालते. खिडकी-बटणं काही नाहीत, सगळा कारभार कमांडचा: आधी विनएफआर, मग जिथून फाइल गेली तो ड्राइव्ह, मग जिथे काढायची तो ड्राइव्ह, मग रेग्युलर किंवा एक्स्टेन्सिव्ह, शेवटी एन आणि फोल्डरचा रस्ता. दोन ड्राइव्ह वेगळेच लागतात, एकच दिला तर चालत नाही. फोल्डरच्या शेवटी उलटी तिरपी रेघ (बॅकस्लॅश) द्यायला विसरलात तर ते नाव फाइलचं समजलं जातं आणि हाती काही येत नाही. रस्त्यात स्पेस असेल तर अवतरण चिन्हं हवीत. रस्ता न देता नुसता ड्राइव्ह दिला, तर विंडोजच्या जुन्या फालतू फायलींचा ढीग निघतो आणि त्यातून वकीलसाहेबांचा अर्ज शोधणं मूळ कामापेक्षा अवघड होतं.

हार्ड डिस्क, एनटीएफएस (विंडोजची डिस्कवर फायली मांडायची नेहमीची पद्धत), नुकतीच डिलीट झालेली फाइल असा योग असेल तर रेग्युलर मोड पटकन काम करतो आणि फाइल नावासकट येते, कारण एनटीएफएसच्या मुख्य तक्त्यातली नोंद लगेच पुसली जात नाही, नुसती ‘मोकळी’ म्हणून खूण होते. फॉरमॅट झालेल्या ड्राइव्हला आणि एक्सफॅट-फॅट32 (पेन ड्राइव्ह-कार्डांवरची मांडणी) ला एक्स्टेन्सिव्ह लागतो. तो अख्खी डिस्क वाचतो. सेकंदाला 100 एमबी धरले तरी 1 टीबीला पावणेतीन तास नुसत्या वाचनाचे.

तक्रार एकच, पण मोठी: हे स्टोअरमधून सी ड्राइव्हवर बसतं, आणि फाइल गेलेली असते बहुधा सी वरूनच. म्हणजे वाचवायला आणलेलं सॉफ्टवेअरच त्या जागेवर बसू शकतं. म्हणून दुकानातल्या प्रत्येक मशीनवर आजच टाकून ठेवावं. ते जमलं नसेल तर रेकुवा या दुसऱ्या रिकव्हरी सॉफ्टवेअरची पोर्टेबल (इन्स्टॉल न करता चालणारी) प्रत पेन ड्राइव्हवरून चालवावी.

कॅमेऱ्याच्या कार्डासाठी मात्र फोटोरेकच. ख्रिस्तोफ ग्रेनिए यांचं हे मुक्त सॉफ्टवेअर टेस्टडिस्क या जोडीच्या सॉफ्टवेअरबरोबर झिपमध्ये येतं, इन्स्टॉल करावं लागत नाही. काळ्या पडद्याची भीती वाटत असेल तर त्याच झिपमधलं खिडकी-बटणांचं क्यूफोटोरेक उघडा. कार्ड काढल्याबरोबर त्याच्या कडेची लॉकची पट्टी खाली करा. कॅमेऱ्यात परत घालू नका, ‘एकच फोटो’ म्हणूनसुद्धा. शक्य असेल तर आधी कार्डाची इमेज (अख्ख्या कार्डाची हुबेहूब नक्कल) काढा आणि फोटोरेक तिच्यावर चालवा. 64 जीबीला तेवढीच मोकळी जागा हवी आणि जुन्या यूएसबी 2 च्या रीडरवर अर्ध्या तासाहून जास्त वेळ.

नुसतं डिलीट झालं असेल तर ‘फ्री’ निवडा, कार्ड फॉरमॅट झालं किंवा वाचलंच जात नसेल तर ‘होल’. फाइल प्रकारांच्या यादीतल्या सगळ्या खुणा काढून फक्त हव्या त्या ठेवा. निकॉनची एनईएफ आणि कॅननची सीआर2 ही रॉ (कॅमेऱ्याची कच्ची) फाइल ‘टिफ’खाली येते, ही गोष्ट अनेकांना सापडत नाही.

फोटोरेक फाइलचं नाव बघतच नाही. फाइलच्या सुरुवातीची ठरलेली खूण शोधतो आणि तिथून पुढचा मजकूर उचलतो. म्हणून मूळ नावं, फोल्डर सगळं जातं. रिकप डीआयआर 1, 2, 3 अशी फोल्डरं तयार होतात, प्रत्येकात 500 पर्यंत फायली. एफ अक्षरापुढचा आकडा म्हणजे कार्डावरची जागा, त्यामुळे नावाने लावलं की हळद, लग्न, पाठवणी हा क्रम बराचसा जुळतो. टी ने सुरू होणारी जेपीजी म्हणजे फोटोतलीच छोटी थंबनेल. ती सरळ उडवा, निम्मा पसारा तिथेच कमी होतो. बाकीच्यांना एक्झिफटूल या सॉफ्टवेअरने फोटो काढल्याच्या तारीख-वेळेवरून नावं द्यावीत.

व्हिडिओत मात्र हे तोकडं पडतं. मोठी एमपी4 कार्डावर तुकड्यांत पडलेली असेल तर पहिला तुकडा येतो आणि पुढे भलतंच काही जोडलं जातं. लाइट जाऊन किंवा बॅटरी संपून अर्धवट राहिलेली क्लिप हा वेगळा आजार: तिच्यात शेवटी लिहिली जाणारी अनुक्रमणिकाच नसते. तिथे अनट्रंक वापरा. त्याला त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगची एक धड क्लिप नमुना म्हणून द्यावी लागते.

अंबडच्या सीएनसी प्रोग्रॅमना फोटोरेक जवळपास निरुपयोगी. त्या साध्या मजकुराच्या फायली, खूण कसलीच नाही. सगळं टीएक्सटी म्हणून एकत्र येतं आणि कोणता प्रोग्रॅम कोणत्या जॉबचा हे आत वाचूनच कळतं. तिथे रेकुवा बरा. फॅट32 मध्ये डिलीट करताना छोट्या नावाचं पहिलं अक्षर तेवढं मारलं जातं, म्हणून ओ 1234 या प्रोग्रॅमचं नाव अक्षर हरवून दिसतं. काही केबीची फाइल एकाच क्लस्टरमध्ये (डिस्कवरच्या जागेच्या एका कप्प्यात) मावते, तिच्यावर नवं काही लिहिलं नसेल तर धड मिळते. मशीनवर चढवण्याआधी शेवटची ओळ आहे ना, हे बघाच. अर्ध्या प्रोग्रॅमने टूल तुटतं.

आता एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकड्यांऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क. कमांड प्रॉम्प्टमध्ये एफएसयुटिल बिहेव्हिअर क्वेरी डिसेबलडिलीटनोटिफाय टाका. एनटीएफएससमोर 0 आला तर ट्रिम चालू आहे, म्हणजे डिलीट होताच विंडोज त्या जागा रिकाम्या झाल्याचं एसएसडीला कळवतं आणि त्या जागा वाचल्या तर बहुतेक वेळा शून्यंच मिळतात. फसगत इथे होते: तक्त्यातली नोंद शाबूत, म्हणून नाव दिसतं, आकार बरोबर, रेकुवा हिरवा ठिपकाही दाखवतो. फाइल उघडत नाही. फाइलमधले कच्चे आकडे दाखवणाऱ्या एचएक्सडीमध्ये उघडून बघा. वर्डच्या डॉक्स फाइलची सुरुवात पीके या अक्षरांनी व्हायला हवी. तिथून शेवटपर्यंत शून्यंच दिसली तर दुसरं सॉफ्टवेअर विकत घेऊनही काही फरक पडणार नाही, पैसे वाचवा. काही एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) हार्ड डिस्कही ट्रिम पाळतात, तेव्हा ‘हार्ड डिस्क आहे ना’ एवढ्यावर निर्धास्त राहू नये.

डिस्क टकटक करत असेल किंवा मधेच गायब होत असेल तर यातलं काहीच चालवू नका, वीज तोडा. प्रत्येक स्कॅन म्हणजे डिस्क वाचणाऱ्या हेडला आणखी एक फेरी. अशी डिस्क क्लीन रूम (धूळमुक्त खोली) असलेल्या लॅबकडेच द्यावी. लॅपटॉपवर बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) चालू असेल तर 48 अंकी रिकव्हरी की सोबत द्यायला विसरू नका. तिच्याशिवाय लॅबने काढलेला डेटाही वाचता येत नाही.