रंगाखालचे पाटे

माझी पिकअप 2012 सालची. केए-22 पासिंग, मी तिसरा मालक. उचगाव भागातली कोबी-मिरची, हंगामात रताळी रात्री भरायची, जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरायचा आणि उजाडायच्या आत म्हापसा गाठायचं, हा आपला धंदा. गाडी घेतानाच गाठीचे पैसे संपले, त्यामुळं पुढची सगळी कामं हात आखडूनच.

मागचे पाटे, म्हणजे मागच्या चाकांवर मालाचा भार झेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बसले होते. ओळखीतनं बेळगावातल्या एका मिस्त्रीकडं गेलो. बोलायला गोड माणूस. "पावणं, मागं दोन्ही बाजूंना नवीन सेट टाकूया, वर एक-एक पाटा जास्तीचा घालतो. घाटात मागं वळून बघायला नको." 14 हजारांत ठरलं, 8 हजार आधी. "तुम्ही शेताकडं जावा, संध्याकाळी गाडी न्यावा." जुने पाटे मोडीत म्हणून त्यानं ठेवून घेतले आणि त्याचे 500 वजा केले. मला तर त्याचा हिशेब फार सरळ वाटला. बिल म्हणजे वहीचं पान, त्यावर 'पाटे सेट' एवढंच. ना कंपनीचं नाव, ना जीएसटी नंबर.

संध्याकाळी वाकून बघितलं तर पाटे काळेभोर. बोट लावलं, बोटाला रंग लागला. कारखान्यातनं आलेल्या पाट्याचा रंग ओला कसा असेल, हे त्या वेळी डोक्यात आलं नाही. फोटो काढून घरी दाखवला.

सतराव्या दिवशी, पहाटे तीनच्या सुमाराला, घाट उतरताना मागं बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला आणि गाडी उजवीकडं कलली. दुसरी पिकअप बोलावून कोबी तिच्यात भरली. उन्हं आल्यावर घाटाखालच्या साखळी गावातला एक मिस्त्री आला, पाटे आवळून धरणारे यू-बोल्ट सोडून मोडलेला पाटा त्यानं माझ्या हातात ठेवला. "हो पोरनो रे," म्हणजे हा जुना आहे, एवढंच कोकणीत म्हणाला. सगळे पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टच्या भोकापाशी मोडला होता. तुटलेल्या तोंडाची एक बाजू चकचकीत, दाणेदार, म्हणजे आत्ताच तुटलेली. दुसरी बाजू तांबूस, गंजलेली, आणि त्या गंजावर काळा रंग उतरलेला. म्हणजे भेग आधीची, रंग नंतरचा. आणखी पुरावा काय पाहिजे?

पाटा पोत्यात घालून परत बेळगावला गेलो. मिस्त्रीनं तो हातात पण घेतला नाही. उलट मलाच विचारलं, "माल किती होता?" इथं मी अडकलो. आरसीवरच्या एकूण वजनातनं रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उरतं तेवढंच भरायची परवानगी. जास्तीचे पाटे घातले म्हणून तो आकडा वाढत नाही. मी चार क्विंटल वर भरले होते. घाटावर फिरणारा पिकअपवाला तक्रार घेऊन पोलिसांत जाणार नाही, हे त्याला पक्कं माहीत. त्याचा धंदा आपल्या ओव्हरलोडवरच चालतो म्हणा ना. तासभर भांडून 3 हजार परत मिळाले.

आता मी पाट्याचं काम उभं राहून करून घेतो. बसवायच्या आधी टोकं बघतो. वापरलेल्या पाट्याला शेजारच्या पाट्यानं घासून खळगा पाडलेला असतो, तो रंगानं बुजत नाही. मधलं भोक गोल आहे की लांबट झालंय, ते बोट घालून कळतं. जुने पाटे मोडीला दोन-चारशेला जाईनात का, पण घरी आणतो. त्याच मिस्त्रीनं 'बिनवापराचा' म्हणून दिलेली स्टेपनी नंतर नीट बघितली, तर बाजूला 3217 आकडे. म्हणजे 2017 सालच्या 32 व्या आठवड्यातला टायर, नक्षी गरम कटरनं पुन्हा खोदलेली.

गेल्या महिन्यात मार्केट यार्डात एक ओळखीचा पोरगा म्हणाला, "दादा, पाटे नवीन टाकलो, स्वस्तात झालं." कुणाकडं, ते विचारायची गरज पडली नाही. गाडीखाली झोपलो आणि किल्लीनं खरवडलं. काळ्या रंगाचा पापुद्रा निघाला, खाली तांबडा गंज. त्याची गाडी म्हापशासाठी भरून उभी होती. त्यानं हमालांना हाक मारली आणि माल उतरवायला लावला.