पाळण्यापासून अंगणवाडीपर्यंत : गृहभेटी आणि बालशिक्षणाच्या सरकारी सेवेचे परीक्षण

मूल जन्मल्यावर घरी येऊन त्याची तपासणी करणारी आशा कार्यकर्ती आणि तेच मूल तीन वर्षांचे झाल्यावर त्याला रोज काही तास सांभाळून शिकवणारी अंगणवाडी सेविका, या दोघींच्या सेवा महाराष्ट्रातील बहुतेक गावांत विनामूल्य मिळतात आणि कदाचित त्यामुळेच त्यांच्याविषयी कोणी चिकित्सकपणे लिहीत नाही. खासगी नर्सरीचे शुल्क, गाडी आणि गणवेश यांवर पालक तासन्‌तास बोलतात. अंगणवाडीचा विषय मात्र ‘तिथे खाऊ मिळतो’ एवढ्यावर आटोपतो. सातारा जिल्ह्यातील एका मोठ्या गावात राहून आम्ही माझ्या मुलीसाठी आधी गृहभेटींची आणि आता अंगणवाडीची सेवा घेत आहोत. केवळ स्वतःचा अनुभव सांगण्यापेक्षा अशा सेवांवर जे संशोधन झाले आहे, त्याच्या कसोटीवर ही सेवा पारखणे मला अधिक न्याय्य वाटते. माझे मत आधीच नोंदवते : या सेवेचा दर्जा इमारतीवर, भिंतीवरच्या चित्रांवर किंवा मोबाइलमधील अ‍ॅपवर फारसा ठरत नाही, एक प्रशिक्षित बाई मुलाला आणि त्याच्या आईला निवांतपणे किती वेळ देऊ शकते, यावर तो ठरतो.

नवजात बाळासाठीच्या गृहभेटी हा या सेवेचा सर्वांत भक्कम भाग आहे. प्रसूती दवाखान्यात झाली असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी ठरलेल्या असतात आणि घरी झाली असेल तर पहिल्याच दिवशी आणखी एक भेट होते. आमच्याकडे येणाऱ्या आशाताई आधी साबणाने हात धूत, बाळाला झोळीच्या काट्यावर तोलत, काखेत थर्मामीटर लावत आणि घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजत. नाळ कोरडी आहे का, बाळ ओढून दूध पिते का, रडणे क्षीण तर झाले नाही ना, हे पाहिल्यावाचून त्या उठत नसत. घरातल्या वडीलधाऱ्यांनी बाळाला मध चाटवण्याचा आग्रह धरला तेव्हा कोणाचाही अपमान न करता त्यांनी तो परतवून लावला. मला एकटीला ते जमले असते असे वाटत नाही.

या भेटींची मुळे महाराष्ट्रातच आहेत, हे अनेकांना ठाऊक नसते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यात ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत राबवली आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. थोडेफार शिकलेल्या गावातल्याच स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार करण्यात आले. तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांच्या मानाने, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यांनी १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडले आणि पुढे २०११ मध्ये केंद्र सरकारने आशांमार्फत ही पद्धत देशभर स्वीकारली. एक फरक मात्र लक्षात ठेवावा. गडचिरोलीतील आरोग्यदूत जंतुसंसर्गाची शंका येताच प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देत. आजच्या आशांचे काम मुख्यतः धोक्याची लक्षणे ओळखून बाळाला दवाखान्यात पाठवणे हे आहे. त्यामुळे जिथे दवाखाना दूर आहे किंवा गाडी वेळेवर मिळत नाही, तिथे तीच भेट अर्धी पडते.

उणीव जाणवली ती एका साध्या ठिकाणी. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते आणि सव्वा महिना उलटला की बाळंतीण सासरी येते. माहेरच्या गावातील भेटी नेमाने झाल्या. सासरी आल्यावर मात्र इकडच्या आशाताईंकडे आमची कोणतीही नोंद नव्हती आणि मी स्वतः जाऊन माता-बाल संरक्षण कार्ड दाखवीपर्यंत ती होऊ शकली नाही. निम्म्या महाराष्ट्रात ज्या रीतीने बाळंतपणे होतात, ती रीत कोणत्याच तक्त्यात गृहीत धरलेली नसावी याचे नवल वाटते.

४२ दिवसांनंतरचा भाग विरळ आहे. २०१८ पासून ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यात आणखी पाच भेटींची तरतूद झाली. वरचा आहार, लोहाचे औषध आणि जुलाबात द्यायचे क्षारसंजीवनीचे पाणी यांबरोबरच बाळाशी बोलणे-खेळणे हाही या भेटींचा विषय आहे. प्रत्यक्षात वजन, लस आणि आहार यांतच भेट संपते आणि बोलण्या-खेळण्याची पाळी येत नाही. हा दोष मी आशाताईंच्या माथी मारणार नाही, कारण योजना सुरू झाली तेव्हा या एका भेटीचा मोबदला ५० रुपये ठरवण्यात आला होता आणि तेवढ्यात कोणाकडून तासभराची अपेक्षा करणे योग्य नव्हे.

तो तासभर किती मोलाचा असतो, याचा सर्वांत प्रसिद्ध पुरावा जमैकाचा आहे. १९८६-८७ मध्ये किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांतील, वाढ खुंटलेल्या १२९ बालकांवर सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग सुरू केला. त्यातील काही मुलांच्या घरी आरोग्य कार्यकर्त्या दोन वर्षे दर आठवड्याला एक तास जात. घरातल्या टाकाऊ वस्तूंची खेळणी वापरून मुलाशी कसे खेळावे, काय बोलावे, हे त्या आईला करून दाखवत. सुमारे वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई, ज्यांच्या आयांना हे दाखवले गेले नव्हते त्यांच्यापेक्षा २५ टक्क्यांनी अधिक आढळली. केवळ पूरक आहार मिळालेल्या मुलांत असा दीर्घकालीन लाभ दिसला नाही, हे आपल्याकडील आहारकेंद्री विचाराने विशेष ध्यानात घ्यावे. घरी जाऊन खेळून दाखवण्याची हीच पद्धत ओडिशातील कटक शहराच्या झोपडपट्ट्यांत आजमावली गेली तेव्हा दीड वर्षात मुलांच्या आकलनशक्तीत ठळक सुधारणा दिसली आणि ओडिशाच्याच खेड्यांतील पुढच्या अभ्यासात आयांना गटाने एकत्र बसवून घेतलेल्या सत्रांनी बराच कमी खर्चात जवळपास तेवढाच लाभ दिला. आमच्या अंगणवाडीत महिन्यातून एकदा आयांची बैठक होते. तिच्यात सूचना वाचून दाखवण्याऐवजी हे करता येईल.

आता अंगणवाडीविषयी. आमच्या सेविका ज्या दिवशी मोकळ्या असतात, त्या दिवशीचे त्यांचे काम कोणत्याही महागड्या नर्सरीला लाजवील असे असते. मुक्त खेळ, अभिनयगीत, गोष्ट, चिंचोक्यांनी मोजणी, मग हात धुऊन पंगत, आणि हे सारे मुलांच्या कलाने चाललेले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आधी बोर्डीत आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी जी अंगणवाडी उभी केली, तिची परंपरा अशा दिवशी जिवंत दिसते. परंतु असे दिवस आठवड्यात मोजकेच येतात. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेत पूरक पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (म्हणजे गरजेनुसार दवाखान्यात पाठवणे), पोषण व आरोग्य शिक्षण आणि शालापूर्व शिक्षण अशा सहा सेवा एकाच केंद्रातून देण्याचे ठरले. त्यातील पहिल्या पाचांचा हिशेब वर द्यावा लागतो, सहावीचा कोणी फारसा विचारत नाही. वजन-उंचीचा सप्ताह, आहाराच्या पाकिटांचे वाटप, लसीकरण सत्र, सर्वेक्षण, मतदार याद्या, यांतून जो वेळ उरेल तो मुलांचा.

यावर उपाय काय, हे तामिळनाडूतील एका मोठ्या अभ्यासाने दाखवले आहे. तेथे ६४० अंगणवाड्या घेऊन त्यांपैकी काहींत केवळ शालापूर्व शिक्षणासाठी अर्धवेळ काम करणारी एक जादा कार्यकर्ती नेमण्यात आली. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, भाषा आणि गणित दोन्हींत मुले पुढे गेली आणि मूळ सेविकेला आहार-आरोग्याकडे लक्ष देण्यास सवड मिळाल्याने वाढ खुंटण्याचे व तीव्र कुपोषणाचे प्रमाणही घटले. नवी इमारत नाही, टॅबलेट नाही. एक माणूस वाढवला इतकेच. आपल्या राज्यात लाखाच्या वर अंगणवाड्या आहेत, तेव्हा खर्च मोठा होईल हे खरे, पण त्या अभ्यासाने मांडलेला अंदाजित लाभ खर्चाच्या अनेक पट आहे.

खासगी नर्सरी हा यावरचा पर्याय आहे असे मला वाटत नाही. आसाम, राजस्थान आणि तेलंगणातील सुमारे १४,००० मुलांचा चार ते आठ या वयात मागोवा घेणाऱ्या, २०१७ मध्ये प्रकाशित झालेल्या अभ्यासात असे दिसले की, अंगणवाड्यांत शिकवणे कमी होते आणि खासगी केंद्रांत ते होत असले तरी वयाला न साजेसे, म्हणजे पाठांतर आणि घोटून घेण्याचे, होते. आमच्या शेजारची साडेतीन वर्षांची मुलगी चौकटीच्या वहीत रोज एक पान इंग्रजी अक्षरे गिरवते आणि तिच्या आईला त्याचा अभिमान आहे. त्या बोटांना अजून चिकणमातीची गरज आहे, हे त्यांना कोणत्या शब्दांत सांगावे ते मला कळत नाही.

सेविकांना अंगणवाडीच्या नोंदी ज्यात भराव्या लागतात त्या ‘पोषण ट्रॅकर’ या अ‍ॅपविषयी माझे मत संमिश्र आहे. सेविकांचा बराच वेळ त्यात जातो, आणि २०२१ मध्ये राज्यातील सेविकांनी निकृष्ट मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले होते ते उगीच नव्हे. तरीही कुटुंब स्थलांतरित झाल्यास मुलाची नोंद दुसऱ्या अंगणवाडीकडे वळवण्याची सोय त्यात आहे आणि ऊसतोडीसाठी गाव सोडणाऱ्या कुटुंबांना तिचा खरा उपयोग होऊ शकतो.

सहा वर्षांखालील मूल असलेल्या पालकांना ही सेवा घेण्याची शिफारस मी करते. नवजात बाळाच्या गृहभेटी तर कोणीही चुकवू नयेत, शहरातल्या सुशिक्षित घरांनीही. बाळंतीण एका गावाहून दुसऱ्या गावी जाणार असेल तर दोन्हीकडच्या आशाताईंचे क्रमांक आधीच एकमेकींना द्यावेत. अंगणवाडी निवडताना खेळणी मोजत बसू नये. सकाळी अचानक डोकवावे आणि त्या वेळी सेविका मुलांमध्ये बसल्या आहेत की नोंदी भरत आहेत ते पाहावे. दुसरे दृश्य रोजच दिसत असेल तर त्यांच्याशी वाद घालू नये, ग्रामसभेत दुसऱ्या कार्यकर्तीची मागणी करावी. आमच्या गावातील काही पालकांनी तसा अर्ज तयार केला आहे आणि येत्या ग्रामसभेत तो मांडला जाईल.