नऊ महिने वापरलेली शब्दपुस्तिका: दवाखान्याच्या इंग्रजीचा माझा अनुभव

गेल्या जूनमध्ये खडेबाजारातून एक मराठी-इंग्रजी शब्दपुस्तिका आणली. खिशात मावेल एवढी, १२८ पानं, ९० रुपये. विषय दोनच, रोजचं घर आणि आरोग्य. प्रकाशकाचं नाव लिहीत नाही. अशा धर्तीच्या पुस्तिका बऱ्याच मिळतात आणि मी सांगणार आहे ते थोड्याफार फरकानं सगळ्यांनाच लागू पडेल. नऊ महिन्यांत ती इतकी हाताळली गेली की बांधणी सुटली. शिलाईकाम माझा धंदाच आहे, त्यामुळं जाड दोऱ्यानं मीच टाके घातले.

मी बेळगावातल्या वडगावात राहते. दहावीपर्यंत मराठी शाळा. इंग्रजी अक्षरं लावून वाचता येत होती, पण समोरच्यानं दोन वाक्यं बोलली की हातपाय गळायचे. शिकायची वेळ आली ती सासूबाईंमुळं. वय ७६, अकरा वर्षांपासून साखर, आणि गेल्या वर्षी डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. आमच्या भागात घरातलं बोलणं मराठी, सरकारी कागद कन्नड आणि दवाखान्याचा कागद इंग्रजी. तपासणारे तरुण डॉक्टर कधी कर्नाटकाच्या दुसऱ्या टोकाचे, कधी परराज्यातले. त्यांचं आणि माझं जुळायचं ते मोडक्या हिंदीवर, आणि तीही त्यांना माझ्याइतकीच येत असायची.

पुस्तिका आणली त्याच्या आदल्याच आठवड्यातली गोष्ट. सासूबाईंना चार दिवस खोकला होता. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "एनी कफ?" आपल्याकडं कफ म्हणजे छातीत साचतो तो. तो नव्हता, म्हणून मी मान हलवून नाही म्हटलं. पुढं त्यांनी विचारलं, "ड्राय कफ?" ड्राय म्हणजे सुका हे माहीत होतं, पण सुका कफ कसा असेल? पुन्हा नाही. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं, आणि नेमक्या त्याच वेळी सासूबाईंना खोकल्याची उबळ आली. बाई माझ्याकडं बघत राहिल्या. चांगल्या होत्या, काही बोलल्या नाहीत, आधी लिहिलेलं खोडलं. इंग्रजीतला कफ म्हणजे खोकला, हे मला घरी आल्यावर मुलीनं सांगितलं. आपल्या कफाला इंग्रजीत फ्लेम म्हणतात, आणि लिहिताना त्यात एक जी येतो तो बोलायचा नाही. आपण नाही म्हटलं त्यावर औषध ठरणार होतं, या विचारानं त्या रात्री मला झोप आली नाही.

आता पुस्तिकेबद्दल. शरीराच्या अवयवांची चित्रं चांगली आहेत. हात आणि पाय या दोन शब्दांनी आपलं मराठीत सगळं भागतं, पण इंग्रजीत खांद्यापासून मनगटापर्यंत आर्म आणि पुढं हँड, वर लेग आणि घोट्याखाली फुट. बोटांचंही तसंच. हाताचं बोट फिंगर, पायाचं टो. चित्रात बाण दाखवून हे नीट वेगळं केलंय. मी ते पान शिलाई मशीनच्या समोर भिंतीवर चिकटवलं होतं. मनगट रिस्ट, गुडघा नी, अंगठा थम, पोटरी काफ. रिस्टमधला पहिला डब्ल्यू, नीमधला के, थममधला शेवटचा बी, काफमधला एल, सगळे लिहायचे पण बोलायचे नाहीत. पुस्तिकेत अशी मुकी अक्षरं फिकट शाईत छापली आहेत. ही युक्ती मला फार आवडली. पुस्तिकेत सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते हेच.

उच्चारांत मात्र निराशा आहे. आपल्या देवनागरीत चंद्र आहे. बॅट आणि बाट, कॉट आणि काट असा फरक आपण सहज लिहून दाखवतो. असं असताना पुस्तिकेत घोटा म्हणजे 'अंकल' छापलंय, आणि बारा पानांपुढं काका म्हणजेही 'अंकल'. घोट्याला अँकल लिहिलं असतं की काम झालं असतं. हृदय आणि दुखणं दोन्हीकडं 'हर्ट' आहे. खरं तर हृदय हार्ट, दुखणं हर्ट. 'पेन'चा दोष पुस्तिकेचा नाही. दुखण्यातला ए लांबवायचा आणि लिहायच्या पेनातला आखडता, हे आपल्या लिपीत दाखवायला सोय नाही. तिथं ऐकणं हाच उपाय. पुस्तिकेसोबत ऐकायला काहीच नाही, ही माझी मोठी तक्रार. मी मुलीकडून मोबाईलवर तीन-चारशे शब्द बोलून घेतले आणि मशीन चालवताना ऐकत गेले. पुस्तिकेसाठी जेवढे पैसे मोजले त्यापेक्षा त्या रेकॉर्डिंगनं जास्त दिलं.

पहिले दोन महिने शब्द राहतच नव्हते. रोज सहा पाठ करायचे, दुसऱ्या दिवशी त्यातले दोन उरायचे. बदल झाला तो शेजारच्या अक्कांमुळं. अक्का बैलहोंगलच्या, घरात कन्नड, आमच्याशी मराठी. एके दिवशी ब्लाउजचं माप द्यायला आल्या आणि भिंतीवरचा कागद वाचायला लागल्या. हेडेक, टूथेक, इअरेक, स्टमकेक. म्हणाल्या, "अगं, हे तर आमच्यासारखंच आहे की! तलेनोवु, हल्लुनोवु, किविनोवु, होट्टेनोवु." तले म्हणजे डोकं, नोवु म्हणजे दुखणं. अवयव पुढं, दुखणं त्याला मागून जोडलेलं. मराठीत आपण 'माझं डोकं दुखतंय' असं क्रियापदानं सांगतो, डोकेदुखी हा शब्द बोलताना फारसा वापरत नाही. म्हणून 'आय हॅव अ हेडेक' मला परकं वाटत होतं. बाजारात, बसमध्ये, रेशनच्या रांगेत वर्षानुवर्षं नोवु कानावर पडलेलं होतं. त्या नोवुच्या जागी इंग्रजीतला 'एक', म्हणजे दुखणं, बसवला, आणि चारही दुखणी एका दिवसात पाठ झाली.

त्या दिवसापासून वहीत दोनाऐवजी तीन रकाने आखले. मराठी, कन्नड, इंग्रजी. खोकल्यापुढं केम्मु आणि कफ लिहिलं, तेव्हा जूनमधला घोळ कायमचा सुटला. परवा या शब्दाचं तर विशेषच. आपण मागच्या परवाला आणि पुढच्या परवालाही परवाच म्हणतो. कन्नडमध्ये मागचा मोन्ने, पुढचा नाडिद्दु. इंग्रजीतही दोन वेगळे, डे बिफोर यस्टर्डे आणि डे आफ्टर टुमारो. फेरतपासणीची तारीख सांगताना हा फरक किती महत्त्वाचा! पुस्तिकेत परवासमोर एकच अर्थ दिलाय, पुढचा. तांदूळ आणि भात या दोघांना कन्नडमध्ये अक्की आणि अन्न, इंग्रजीत मात्र दोन्ही राइसच. शेतातलं भात तेवढं पॅडी. सगळीकडं कन्नड मदतीला येतं असं नाही. हाताला कै आणि पायाला कालु म्हटलं की त्यांचंही आपल्यासारखंच सगळं त्यात आलं. सीमाभागात भाषेवरून काय काय झालंय ते मी लहानपणापासून बघत आलेय, आणि माझी माया मराठीवरच आहे. तरी शिकताना अक्कांच्या भाषेनं मला हात दिला, हे मी मनापासून लिहिते.

स्वयंपाकघराचा भाग थोडक्यात सांगते, कारण तो कामचलाऊ आहे. फळांत चेरी आणि पीच आहेत, फणस, जांभूळ, करवंद नाहीत. खानापूरच्या माहेरवाशिणीला हे खटकणारच. धान्यांत नाचणी नाही. इंग्रजीत तिला फिंगर मिलेट म्हणतात, पण आपल्याकडच्या इंग्रजी पाकिटांवर बहुतेक रागीच छापतात, आणि रागी हा कन्नड शब्द. साखरेच्या पेशंटला काय खायला द्यायचं हे विचारताना मला पीच काय कामाचं?

पुस्तिकेत सगळ्यात मोठी उणीव वाक्यांची. शब्द ८०० आहेत, वाक्यं जेमतेम ४०, आणि त्यातली निम्मी 'धिस इज माय नोज' अशी. दवाखान्यात कुणी नाक ओळखायला सांगत नाही. विचारतात ते, कधीपासून? किती वेळा? जेवणाआधी की नंतर? आपल्या 'दोन दिवसांपासून'मधलं 'पासून' आपल्याला सिन्सकडं ओढतं आणि आपण सिन्स टू डेज म्हणून मोकळं होतो. माझी मुलगी इंग्रजी शाळेत, तीही हेच म्हणायची. तिच्या बाईंनी दुरुस्त केलं. किती काळ ते सांगायचं तर फॉर, फॉर टू डेज. कुठल्या दिवसापासून ते सांगायचं तर सिन्स, सिन्स मंडे. तसंच 'मला'चं. मला ताप आहे, आय हॅव फीव्हर. मला भूक लागली, आय ॲम हंग्री. मला चक्कर येतेय, आय फील डिझी. मला सर्दी झालीय, आय हॅव अ कोल्ड, आणि मला थंडी वाजतेय, आय ॲम कोल्ड. एकाच 'मला'ची इतकी रूपं. ही पाच वाक्यं मी सासूबाईंच्या गोळ्यांच्या डब्याच्या झाकणावर चिकटवली आहेत, आयच्या जागी शी, हॅवच्या जागी हॅज, ॲमच्या जागी इज आणि फीलच्या जागी फील्स करून.

हार्टबर्नबद्दल मुद्दाम लिहिते. शब्दात हृदय असलं तरी अर्थ छातीतली जळजळ, पोटातलं आम्ल अन्ननलिकेत वर येतं ती. पुस्तिकेत त्यापुढं 'हृदयदाह' छापलंय. असं वाचून एखादी घाबरून जाईल. पण छातीत काहीही होत असलं तरी शब्द शोधत बसू नये, दवाखाना गाठावा किंवा १०८ला फोन करावा.

औषधाच्या चिठ्ठीवरच्या खुणा पुस्तिकेत अजिबात नाहीत. त्या लॅटिनमधून आल्यात, म्हणून शब्दकोशात सापडत नाहीत. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्या दादांनी मला वहीत लिहून दिल्या. ओ डी दिवसातून एकदा, बी डी दोनदा, टी डी एस तीनदा, एच एस झोपताना, एस ओ एस म्हणजे गरज पडली तरच. ए सी जेवणाआधी, पी सी जेवणानंतर. १-०-१ असं असेल तर सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. निपाणीची माझी मावशी आयुष्यभर विड्या वळत आली. धापेसाठी तिला औषध लिहून दिलं होतं. तिच्या चिठ्ठीवर बी डी मी मोठ्यानं वाचलं तेव्हा ती दचकली, डॉक्टरांनी विडीबद्दल लिहिलंय वाटलं. मी तिला जवळ बसवून समजावलं. तरीही एक सांगते, वाचता आलं म्हणून गोळी आपल्या मनानं कमीजास्त करायची नाही. शंका आली की मी अजून दादांना विचारूनच देते.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दोन लहान बाटल्या होत्या. एक थेंब दिवसातून सहा वेळा, दुसरा चार वेळा, फक्त लेफ्ट आय. आमच्या घरी सासूबाई त्यांच्या आईला आय म्हणायच्या. मी डोळ्यात थेंब घालताना 'आय' म्हटलं की त्या म्हणायच्या, "माझ्या आयची आठवण काढालीस?" त्यांचा तेवढा एक इंग्रजी शब्द पाठ झाला.

फेब्रुवारीतली तपासणी. त्याआधी बरेच दिवस सासूबाई रात्री कुरकुरायच्या, "पायाला मुंग्या यायल्यात गं, झोप लागत नाही बघ." पुस्तिकेत मुंगी आहे, ती अँट. मुंग्या येणं नाही. अक्कांना विचारलं तर त्या म्हणाल्या, जोमु. वहीत कन्नडचा रकाना भरला, इंग्रजीचा रिकामा राहिला. मुलीनं शोधून दिलं, पिन्स अँड नीडल्स. टाचण्या आणि सुया! माझ्या हातात रोज असतात त्याच. बधिर होण्याला नमनेस, त्यातलाही बी मुका. पुस्तिकेत तो 'नंबनेस' छापलाय.

तपासणीला पुन्हा त्याच डॉक्टरीणबाई होत्या. साखरेचा कागद बघून त्यांनी विचारलं, "एनी नमनेस इन द फीट?" नंब नव्हे, नम, हे मी ओळखलं. म्हटलं, "यस डॉक्टर. पिन्स अँड नीडल्स. बोथ फीट. फॉर टू मंथ्स. मोअर ॲट नाइट." लेग्ज नाही म्हटलं, सिन्स नाही म्हटलं. बाईंनी लगेच सासूबाईंना खाटेवर झोपवलं, डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनच्या बारीक धाग्यानं तळव्याला एकेका जागी टेकवत गेल्या. कळलं की हो म्हणायचं. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली सासूबाई दोनदा गप्प राहिल्या.

आता पायाची रोज रात्री पाहणी असते. बोटांच्या बेचक्या, टाच, तळवा. चिरा पडल्यात का, फोड आलाय का. त्याचे शब्द पुस्तिकेत पान ५७ वर आहेत, क्रॅक आणि ब्लिस्टर, आणि दोन्हींचे उच्चार बरोबर छापलेत. अनवाणी म्हणजे बेअरफुट हाही शब्द तिथंच सापडला. अंगणातसुद्धा अनवाणी जायचं नाही, असं बाईंनी बजावलंय.

पुस्तिकेची दुसरी प्रत घेतली आहे, मावशीच्या सुनेसाठी. देण्याआधी घोटा, हृदय, परवा आणि नमनेस पेन्सिलनं दुरुस्त केलेत, आणि मागच्या कोऱ्या पानांवर तिसऱ्या रकान्यासाठी रेघा मारून ठेवल्यात.